दिसणं वेगळं, पाहणं वेगळं : नजरेचा माग काढणाऱ्या तपासणीविषयी

आरशासमोर उभे राहा. आधी स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे पाहा, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. नजर इकडून तिकडे जाते हे नक्की, पण ती जाताना तुम्हाला कधीच दिसणार नाही. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मात्र तुमची बुबुळं हलताना स्पष्ट दिसतील. डोळा उडी घेतो तेवढ्या क्षणापुरतं मेंदू दिसणं दाबून टाकतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

म्हणजे स्वतःच्या नजरेच्या बाबतीत आपण फार कच्चे साक्षीदार आहोत. आणि डोळ्यांच्या दवाखान्यात तर बरीचशी भिस्त आपल्याच साक्षीवर असते. ‘हे अक्षर दिसतंय का? आत्ताचं बरं की आधीचं? दिवा दिसला की बटण दाबा.’ या सगळ्या दिसण्याच्या परीक्षा आहेत. मराठीत दिसणं आणि पाहणं असे दोन वेगळे शब्द आहेत, ते इथे फार उपयोगी पडतात. दिसणं आपोआप घडतं, पाहणं डोळ्याला करावं लागतं. आय ट्रॅकिंग, म्हणजे कॅमेऱ्याने नजरेचा माग काढणं, ही पाहण्याची परीक्षा आहे. तिच्यामुळे ज्यांना उत्तर देता येत नाही त्यांचीही तपासणी होऊ शकते, आणि मला या तंत्राचं सर्वांत मोठं मोल तिथेच वाटतं.

डोळा इतका का हलतो

हात लांब करून स्वतःच्या अंगठ्याचं नख पाहा. एका वेळी अगदी स्पष्ट दिसतं ते साधारण तेवढंच, दोन अंशांच्या आसपास. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध फोव्हिया नावाचा जेमतेम दीड मिलिमीटरचा खळगा असतो आणि बारीक अक्षर वाचण्याचं काम त्याच्या मध्यभागाचं असतं. उरलेला पडदा हालचालीची, कडेच्या वस्तूंची, अंधारातल्या आकारांची खबर देतो, बारकावे त्याला जमत नाहीत. तरीही सगळं जग एकसारखं स्पष्ट वाटतं, कारण डोळा सेकंदाला तीनेक वेळा उडी मारून हा खळगा नव्या जागेवर नेत असतो आणि मेंदू ते तुकडे जोडत असतो.

या उडीला सॅकेड म्हणतात. मोठ्या उडीत डोळ्याचा वेग सेकंदाला ५०० अंशांच्याही पुढे जातो. वाचतानाही हेच चालतं. नजर ओळीवरून घरंगळत जाते असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात ती पाव सेकंदाच्या आसपास थांबते, उडी घेते, पुन्हा थांबते. इंग्रजी वाचनाच्या अभ्यासांत एका उडीत सरासरी सात ते नऊ अक्षरं ओलांडली जातात आणि दर दहा उड्यांतली एखादी मागच्या शब्दाकडे असते, असं आढळलं आहे. मागे जाणं हा दोष नाही. चांगला वाचकही तसंच वाचतो.

डोळ्याच्या आणखी काही चाली आहेत. उडत्या पाखरामागे नजर सलग सरकते, तो पाठलाग. रिकाम्या भिंतीवर तशी सलग नजर फिरवून पाहा, जमणार नाही, तुटक उड्याच पडतील, कारण पाठलागाला बहुतेक वेळा समोर काहीतरी हलणारं लागतं. तिसरी चाल आतल्या कानाशी जोडलेली आहे. हा लेख वाचताना मान भरभर डावी-उजवीकडे हलवा, अक्षरं वाचता येतील. आता मान स्थिर ठेवून फोन किंवा कागद तितक्याच वेगाने हलवा, अक्षरं पुसट होतील. मान हलली की आतला कान सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास डोळ्यांना उलट दिशेने वळवतो, म्हणून चालता-पळताना जग हिंदकळत नाही. आणि जवळचं पाहताना दोन्ही डोळे नाकाकडे वळतात, ती चौथी.

एवढ्यासाठी प्रत्येक डोळ्याला सहा स्नायू आणि त्यांना हुकूम देणाऱ्या तीन नसा आहेत. त्यांच्या मागे मेंदूची बरीच मोठी यंत्रणा आहे. यात कुठेही बिघाड झाला तर तो नजरेच्या चालीत उमटू शकतो, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांइतकाच मेंदूच्या आणि कानाच्या डॉक्टरांनाही यात रस असतो.

कॅमेरा नजर कशी पकडतो

वाचताना डोळे उड्या मारतात या शोधाशी फ्रेंच नेत्रतज्ज्ञ लुई एमिल झावाल यांचं नाव जोडलं जातं. १८७९ च्या सुमाराची ही गोष्ट. पुढे ते स्वतः काचबिंदूने अंध झाले. त्यांच्यानंतर एडमंड ह्यूई यांनी तर डोळ्यावर प्लास्टरची वाटी बसवून तिला ॲल्युमिनियमची काडी जोडली आणि काडीच्या हालचालींची नोंद घेतली. १९०१ मध्ये डॉज आणि क्लाइन यांनी डोळ्याला हात न लावता, डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक काचेवरून, म्हणजे कॉर्नियावरून, परतणाऱ्या प्रकाशाचं चित्रण केलं. आजची यंत्रं त्याच वाटेवरची आहेत.

तत्त्व सोपं आहे. यंत्रातून अवरक्त प्रकाशाचा बारीक दिवा डोळ्यावर पडतो. हा प्रकाश आपल्याला जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे त्रास होत नाही आणि बाहुलीही आकसत नाही. कॉर्नियावर त्याचा एक चकाकता ठिपका उमटतो. कॅमेरा दोनच गोष्टी शोधतो : बाहुलीचा मध्य आणि हा ठिपका. डोळा वळला की बाहुली बरीच सरकते, ठिपका मात्र कमी सरकतो, कारण कॉर्निया गोल फुगीर आहे. डोकं थोडं बाजूला झालं तर दोन्ही जवळपास बरोबरीनेच सरकतात. म्हणून या दोघांमधलं अंतर आणि दिशा मोजली, की डोळा वळला की नुसतं डोकं हललं, हे वेगळं ओळखता येतं.

पण प्रत्येक डोळ्याची घडण निराळी. डोळ्याच्या मधून जाणारा अक्ष आणि प्रत्यक्ष नजरेची रेषा एक नसतात, त्यांत साधारण पाच अंशांचा फरक असतो आणि तो माणसागणिक बदलतो. म्हणून तपासणीच्या सुरुवातीला संगणकाच्या पडद्यावर पाच किंवा नऊ ठिपके दाखवून ‘इथे पाहा, आता इथे पाहा’ असं सांगतात. याला कॅलिब्रेशन म्हणतात. रुग्णाला हा वेळकाढूपणा वाटतो, पण पुढची सगळी मापं याच मिनिटावर उभी असतात. ते चुकलं तर यंत्र अगदी आत्मविश्वासाने चुकीचे आकडे देतं.

यंत्र सेकंदाला किती चित्रं घेतं, यालाही महत्त्व आहे. ६० चित्रं घेणारा कॅमेरा दर १७ मिलिसेकंदांनी एकदा पाहतो. वाचतानाची एक उडी ३० मिलिसेकंदांत संपते, म्हणजे तिचे जेमतेम एक-दोन फोटो मिळतील. नजर कुठे थांबली हे कळायला ते पुरेसं आहे. उडीचा वेग मोजायचा असेल तर सेकंदाला काहीशे चित्रं हवीत. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चालणारी ॲप आणि दवाखान्यातलं यंत्र यांची तुलना करताना हा फरक लक्षात ठेवावा.

आधीपासूनच असलेला पहारेकरी

डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात तुमच्या नजरेचा माग बहुधा घेतला गेलाच असेल, फक्त कुणी सांगितलं नसेल. लेसरने चष्म्याचा नंबर घालवताना यंत्र डोळ्याची हालचाल टिपत राहतं आणि लेसरचा ठिपका तिच्यामागे फिरवतं. डोळा फार हलला तर लेसर थांबतो. बसलेला माणूस आडवा झाला की डोळा स्वतःभोवती किंचित फिरतो, तेही काही यंत्रं बुबुळावरची नक्षी ओळखून सुधारून घेतात. ओसीटी या पडद्याच्या स्कॅनमध्येही हेच तंत्र असतं. पडद्याची सूज कमी झाली की वाढली हे मायक्रोनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजायचं, तर आजचा स्कॅन तीन महिन्यांपूर्वीच्या नेमक्या त्याच जागेवर पडायला हवा. जागा चुकली तर इंजेक्शन द्यायचं की थांबायचं, हा निर्णयच डळमळतो.

काचबिंदूच्या रुग्णांना फील्ड टेस्ट चांगलीच ओळखीची असते. मधल्या दिव्यावर नजर रोखायची आणि कडेला दिवा चमकला की बटण दाबायचं. नजर चुकून कडेच्या दिव्याकडे गेली तर सगळा नकाशाच चुकतो. जुनी युक्ती अशी होती की अधूनमधून दिवा मुद्दाम अंध बिंदूवर टाकायचा. कानाच्या बाजूला साधारण १५ अंशांवर असलेल्या या जागी निरोगी डोळ्यालाही काही दिसत नाही, तेव्हा तिथलाही दिवा दिसला तर नजर हललेली असणार. ही युक्ती चांगली आहे, पण ती अधूनमधूनच विचारपूस करते. ट्रॅकर तपासणीभर लक्ष ठेवतो. काही यंत्रांच्या रिपोर्टच्या तळाशी बारीक उभ्या रेषांची एक पट्टी असते. वर गेलेल्या रेषा म्हणजे नजर सरकली, खाली गेलेल्या म्हणजे डोळा मिटला किंवा यंत्राला सापडला नाही. पुढच्या वेळी रिपोर्ट हातात आला की ती पट्टी पाहा. तिच्यात रेषांचं रान माजलं असेल, तर घाबरण्याआधी तपासणी पुन्हा करावी का, हे डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.

तिरळेपणा आणि आळशी डोळा

तिरळेपणा मोजण्याची पद्धत आजही हाताचीच आहे, आणि ती उत्तम आहे. एक डोळा झाकायचा, उघडायचा, दुसरा झाकायचा आणि झाकण सरकताना डोळा किती हलतो ते पाहायचं. मग डोळ्यापुढे प्रिझम, म्हणजे प्रकाश वळवणारी पाचरीसारखी काच, धरत जायचं, हालचाल थांबेपर्यंत. माप प्रिझम डायॉप्टरमध्ये, १ प्रिझम डायॉप्टर म्हणजे एका मीटरवर १ सेंटिमीटरचं सरकणं. अनुभवी नजरेलाही दोनेक डायॉप्टरपेक्षा कमी हालचाल टिपणं कठीण जातं, आणि समोर चुळबुळणारं मूल असेल तर दोन तपासनिसांची मापंही जुळत नाहीत. ट्रॅकर ही हालचाल आकड्यांत नोंदवतो आणि नोंद जपूनही ठेवतो. शस्त्रक्रियेआधीचं आणि नंतरचं माप शेजारी-शेजारी ठेवता येतं. कधी सरळ, कधी तिरळा असा लपंडाव करणाऱ्या डोळ्याच्या बाबतीत हे फार कामाचं आहे, कारण असा डोळा नेमका तपासणीच्या वेळी सरळ राहिला तर आईवडिलांचं म्हणणं कुणाला खरं वाटत नाही.

आळशी डोळ्याच्या उपचारात तर हे तंत्र मोजण्यापलीकडे गेलं आहे. लहानपणी एका डोळ्याकडून मेंदूला नीट चित्र मिळालं नाही, की मेंदू त्याच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. जुना उपाय म्हणजे चांगल्या डोळ्यावर पट्टी. मध्यम प्रमाणातल्या आळशी डोळ्याला दिवसातून दोन तास पट्टी सहा तासांइतकीच उपयोगी पडते, हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं, आणि कितीतरी मुलांची सुटका झाली. तरी दोन तास पट्टी ठेवायची म्हणजे घरात रोज रडारड. आता क्युअरसाइट नावाचं एक उपकरण आहे, त्याला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये मान्यता दिली. मूल खास चष्मा लावून आवडीचा कार्यक्रम पाहतं. ट्रॅकर त्याची नजर टिपतो आणि चांगल्या डोळ्याला दिसणाऱ्या चित्रात नेमका नजरेखालचाच भाग धूसर करतो. बारकावे पाहायचे तर आळशी डोळ्याचीच मदत घ्यावी लागते, आणि दोन्ही डोळे उघडे असल्यामुळे त्यांना एकत्र काम करण्याची सवयही लागते. चार ते नऊ वर्षांच्या आतल्या मुलांवरच्या चाचणीत दृष्टीतली सुधारणा पट्टीपेक्षा कमी ठरली नाही. म्हणून पट्टी कालबाह्य झाली असं मात्र नाही. ती स्वस्त आहे, परिणामकारक आहे, आणि बऱ्याच घरांसाठी आजही पहिला उपाय तोच आहे.

ज्यांना सांगता येत नाही

तीन महिन्यांच्या बाळाला ‘काय दिसतंय’ असं विचारता येत नाही. पण बाळाला कोऱ्या कागदापेक्षा पट्ट्यापट्ट्यांचं चित्र जास्त आवडतं. रॉबर्ट फँट्झ यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस हे दाखवून दिलं, आणि त्यावरूनच बाळांची दृष्टी तपासण्याची पट्ट्यांची कार्डं निघाली. पट्ट्या बारीक बारीक करत जायच्या. बाळ ज्या टप्प्यावर पट्टीकडे वळायचं थांबतं, ती त्याची मर्यादा. कार्डामागे बसून बाळाची नजर ओळखणं हे कौशल्याचं काम आहे. ट्रॅकर ते काम कॅमेऱ्याने करतो, आणि बोलू न शकणाऱ्या किंवा मान-हात ताब्यात नसणाऱ्या मोठ्या मुलांसाठीही ते वापरता येतं. ‘याला काही दिसत नाही’ असा शिक्का बसलेलं एखादं मूल पट्ट्यांकडे पुन्हापुन्हा वळताना आलेखावर दिसतं, तेव्हा त्याच्याशी वागण्याची सगळ्यांची रीतच बदलू शकते.

जन्मापासून डोळे थरथरणाऱ्या मुलांचंही असंच. या थरथरीला निस्टॅग्मस म्हणतात. यांतल्या बऱ्याच मुलांची एक ठरावीक दिशा असते, तिकडे नजर ठेवली की थरथर कमी होते आणि बरं दिसतं. म्हणून ती मान वळवून बसतात. ‘मान सरळ ठेव’ म्हणून बोलणीही त्यांनाच खावी लागतात, खरं तर ती मान त्यांच्या चष्म्याइतकीच उपयोगाची असते. ट्रॅकरच्या आलेखावर ती शांत दिशा कुठे आहे, आणि प्रत्येक थरथरीत डोळा क्षणभर किती वेळ स्थिरावतो, हे दिसतं. मान वळण्याचं प्रमाण फार असेल तर स्नायूंवर शस्त्रक्रिया करून ती शांत दिशा समोर आणता येते. त्या निर्णयाला या मापाचा आधार मिळतो.

म्हातारपणी पडद्याचा मधला भाग, मॅक्युला, झिजला की फोव्हियाच निकामी होतो. मग डोळा कडेची एखादी जागा निवडून तिच्याने पाहायला शिकतो. मायक्रोपेरिमेट्री या तपासणीत यंत्र थेट पडद्याचा माग घेत ही नवी जागा कुठे आहे, किती संवेदनशील आहे आणि नजर तिथे किती स्थिर राहते, ते दाखवतं. तक्त्यावर दोघांच्या ओळी सारख्याच येतात, तरी एक जण पेपर वाचतो आणि दुसऱ्याला चार शब्द लागत नाहीत, याचं उत्तर कित्येकदा या स्थिरतेत सापडतं.

चक्कर आणि मेंदू

एक उदाहरण सांगतोच, कारण ते उलटं वाटतं. अचानक सुरू होऊन तासन्‌तास न थांबणारी चक्कर, डोळ्यांत थरथर. कारण आतल्या कानात आहे की मेंदूतल्या पक्षाघातात? तपासणारा रुग्णाला ‘माझ्या नाकाकडे पाहा’ असं सांगून त्याची मान झटक्यात थोडी वळवतो. कान बिघडला असेल तर डोळे मानेबरोबर वाहून जातात आणि मग उडी मारून परत येतात. अशा चालू चक्करेत ही तपासणी अगदी व्यवस्थित आली, तर संशय मेंदूकडे जातो. कधीकधी ती परतीची उडी मान हलत असतानाच पडून जाते आणि नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. कॅमेरा बसवलेल्या गॉगलला ती सापडते.

पार्किन्सनमध्ये उड्या तोकड्या पडतात, एका झेपेचं अंतर दोन-तीन पावलांत कापलं जातं. पीएसपी या त्याच्यासारख्या दिसणाऱ्या आजारात वर-खाली नजर नेणं मंदावतं. मज्जातंतूंचं आवरण झिजवणाऱ्या मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये कधी एक डोळा नाकाकडे वळताना मागे राहतो. आलेखात हे दिसलं तरी निदान त्यावरून एकट्याने होत नाही, बाकीची तपासणी लागतेच.

कुठे सावध राहायचं

मूल अडखळत वाचतं, ट्रॅकरवर त्याची नजर सारखी मागे जाते, आणि कुणीतरी सांगतं की डोळ्यांना व्यायाम दिला की वाचन सुधारेल. इथे थांबा. डिस्लेक्सियात, म्हणजे वाचायला शिकणंच जड जातं त्या अडचणीत, नजरेच्या उड्या विस्कळीत दिसतात हे खरं, पण शब्द उलगडत नाही म्हणून नजर मागे जाते. अनोळखी लिपी वाचताना तुमचीही जाईल. २००९ मध्ये अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्ररोग तज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून स्पष्ट सांगितलं, की डोळ्यांच्या व्यायामांनी डिस्लेक्सिया बरा होतो याला पुरावा नाही. अशा मुलाचे डोळे जरूर तपासावेत, चष्मा लागत असेल तर द्यावा. पण व्यायामांत वर्ष घालवणं म्हणजे वाचन शिकवणाऱ्या योग्य मदतीला तेवढा उशीर.

यंत्राच्या स्वतःच्याही अडचणी आहेत. पापणी खाली झुकलेली असेल तर बाहुली अर्धी झाकते. चष्म्याच्या काचेवर दुसराच ठिपका चमकतो. कोरड्या डोळ्यावर तो ठिपका फुटतो, आणि दाट मस्काऱ्याला यंत्र कधीकधी बाहुली समजतं. सर्वांत मोठी पंचाईत अशी, की ज्यांना या तपासणीची खरी गरज आहे त्यांचंच कॅलिब्रेशन अवघड. दोन्ही डोळे ठिपक्यावर आहेत असं यंत्र गृहीत धरतं, आणि तिरळेपणात नेमकं तेच खरं नसतं. म्हणून तिथे एक-एक डोळा झाकून वेगवेगळं कॅलिब्रेशन करावं लागतं. थरथरणाऱ्या डोळ्याला ठिपक्यावर टिकता येत नाही. मॅक्युला गेलेला रुग्ण ठिपका कडेने पाहतो. जाणकार तपासनीस हे ओळखून मापाकडे पाहतो. घाईतला तपासनीस छापील आकडा पुढे सरकवतो.

नजरेची नोंद ही खासगी गोष्ट आहे, हेही सांगायला हवं. माणूस कशाकडे किती वेळ पाहतो यावरून त्याच्या आवडी, थकवा, आजार यांचा माग लागू शकतो, आणि बुबुळाची नक्षी तर ओळखपत्रासारखीच. नोंद कुठे साठते, किती दिवस राहते, आणखी कुणाला मिळते, हे विचारण्याचा हक्क रुग्णाला आहे.

तपासणीला जाताना डोळ्यांचा मेकअप टाळा आणि चष्मा पुसून न्या. बाहुली मोठी करणारे थेंब त्या दिवशी घातले असतील किंवा झोप आणणारं औषध चालू असेल तर आधीच सांगा, कारण झोपेच्या गुंगीत उड्यांचा वेग खरोखरच मंदावतो. मुलाची तपासणी त्याच्या झोपेच्या किंवा भुकेच्या वेळी ठेवू नका. आणि रिपोर्ट मिळाला की आकड्यांकडे वळण्याआधी एवढं विचारा : कॅलिब्रेशन नीट झालं होतं का, आणि किती वेळ यंत्राला डोळा सापडतच नव्हता?